बेबीनंदाबाईंची दोन सिमकार्डं

वाटूरच्या बेबीनंदाबाईंनी वयाच्या बासष्टाव्या वर्षी पासपोर्ट काढला, तेव्हा फाट्यावरच्या हॉटेलात त्याची आठ दिवस चर्चा झाली. कुणी म्हणालं, लेकीकडं अमेरिकेला चालल्या. लेक भावना जालन्यात शाळेवर शिक्षिका होती आणि अमेरिका तिनंही नकाशातच पाहिली होती. कुणी म्हणालं, अंगणवाडीतून रिटायर झाल्या, आता दिवस जात नाही, दुसरं काय. वाटूर हे फाट्यावरचं गाव, त्यामुळं तिथं बातमी यायला आणि पुढं जायला वेळ लागत नाही. ती खरी असावी अशी अट मात्र नाही. खरी गोष्ट साधी होती. जालन्याचे निवृत्त मुख्याध्यापक राजानंद सर दर दोन-तीन वर्षांनी वीस-बावीस उपासक-उपासिकांना बुद्धस्थळं दाखवायला नेत. या खेपेला श्रीलंका ठरली होती, आठ दिवसांची, आणि त्या यादीत बाईंचं नाव त्यांच्या सासूनं घातलं होतं.

सासू म्हणजे तुळजाबाई. वय शहाऐंशी. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यानं उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. कान मात्र तिखट. अंगणात कोण आलं ते चपलेच्या आवाजावरून सांगायच्या. बेबीनंदाबाईंचे यजमान फाट्यावर ट्रकखाली गेले तेव्हा भावना चार वर्षांची होती. भाऊ बाईंना माहेरी न्यायला आले, तेव्हा तुळजाबाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा लेक गेला. सून न्हाई गेली माझी." मग त्यांनी स्वतः लोकांच्या रानात कापूस वेचला आणि सातवी पास सुनेला पुन्हा शाळेत घातलं. लग्न झालेली बाई, पदरात पोर, दहावीच्या परीक्षेला बसली, तेव्हा भावनाला कडेवर घेऊन सासू शाळेच्या फाटकाबाहेर बसून होती. त्या दहावीवर अंगणवाडी मिळाली. चौतीस वर्षं बाईंनी गावाची पोरं सांभाळली. आज वाटूरात तिशीतला कुठलाही गडी बाईंना पाहिला की आधी विडी लपवतो.

या दोघींमध्ये भांडण होत नसे असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. चहात साखर किती, खिडकी उघडी की बंद, यावरून रोज होई. पण सासूच्या मनातलं सुनेला न सांगता कळे, आणि सुनेचा आवाज जरा उतरला की सासू विचारी, "कोण काय म्हणलं तुला?"

फोनची गोष्ट इथूनच सुरू होते. गावात पहिल्यांदा मोबाइल आले तेव्हा लोक बोलायला कमी आणि मिसकॉल द्यायला जास्त वापरत. पोचलो की मिसकॉल, बस सुटली की मिसकॉल, भाकर झाली की मिसकॉल. तुळजाबाईंचे डोळे गेल्यावर बाईंनी त्यांना बटनांचा साधा फोन घेऊन दिला. पाचच्या बटनावर एक बारीक उंचवटा असतो, तो बोटाला लागतो. ते बटन दाबून धरलं की बाईंचा नंबर लागे. दुपारी अंगणवाडीत पोरांच्या खिचडीच्या वेळेला बाईंचा फोन वाजे. त्या लगेच कापत. वाजला म्हणजे आत्याबाई जेवल्या, कापला म्हणजे बेबीला कळलं. पैसा खर्च नाही, बोलणं नाही, काम बराबर. पुढं बोलणं फुकट झालं, रिचार्जमध्ये वाटेल तेवढं बोला म्हणू लागले, तरी या दोघींनी रीत सोडली नाही. रिटायर झाल्यावर बाई मळ्यात गेल्या, बाजाराला गेल्या, तरी फोन वाजे आणि त्या कापत. वीस वर्षांत हात असा बसला होता की स्क्रीनवर "आत्याबाई" दिसलं की अंगठा आपोआप लाल गोलावर जायचा.

श्रीलंकेचं नाव निघालं तेव्हा बाईंनी साफ नकार दिला. त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी तुळजाबाई न्यूमोनियानं आडव्या पडल्या, तेव्हा त्यांनी सुनेला जवळ बोलावून सांगितलं होतं, "बेबी, जायच्या टायमाला माझ्या कानात त्रिशरण तू म्हण. ते बौद्धाचार्य लई जल्दी म्हणतात. तुझं म्हणणं मला समजतं." तुळजाबाईंना अक्षरओळख नव्हती. सतरा वर्षांच्या असताना गावानं दीक्षा घेतली, तेव्हा ऐकून ऐकून त्यांनी त्रिशरण पाठ केलं, ते थोडं चुकीचं. सुनेनं ते पुढं दुरुस्त करून दिलं. पाली शब्दांचा अर्थ रोज संध्याकाळी चुलीपाशी बसून एकेक करून सांगितला. म्हातारीनं मागितलं ते एवढंच होतं, आणि बाईंनी हात हातात घेऊन हो म्हटलं होतं.

"मी तिकडं आन् तुम्ही हिकडं, काही झालं मंग?" बाई म्हणाल्या.

"काय व्हतंय मला? आठ दिवसांत मरायला मी काय आजारी हाये?" तुळजाबाई म्हणाल्या. "तू जा. माझे डोळे असते तर मीच गेले असते. तू बघून ये, मला सांग."

भावनानं शाळेतून रजा टाकली आणि आठ दिवस आजीजवळ राहायचं कबूल केलं. तेव्हा कुठं बाई हलल्या. पण त्यांची एक अट होती. जगात कुठंही गेलं तरी आत्याबाईंचं पाचचं बटन चाललं पाहिजे.

या अटीपायी त्या नवीन जालन्यात स्टेशन रोडला कल्याणच्या मोबाइलच्या दुकानात जाऊन बसल्या. कल्याण लहानपणी वाटूरला मामाकडं राहायचा, तेव्हाचा अंगणवाडीतला. त्यानं चहा मागवला आणि नीट समजावलं.

"मावशी, तीन रस्ते हायेत. एक, तुमचा हाच नंबर तिकडं चालवायचा, त्याला रोमिंग म्हणतात. दुसरा, तिकडं इमानतळावर उतरलं की तिथलं सिम घ्यायचं. तिसरं ते ई-सिम, त्याला कार्डच नसतं, पण ते तुमच्या फोनात चालत न्हाई, सोडून द्या."

"माझ्या सासूबाईंचा फोन कुठल्यावर येईल?"

"ह्या नंबरावरच. त्यांना काही फरक न्हाई, गावात लावल्यासारखाच लागंल. फरक तुम्हाला. तुम्ही उचलला की मिनिटाला पैसे."

"आन् नुसता वाजला तर?"

"नुसता वाजला, तुम्ही कापला, तर काहीच न्हाई."

"बिलकुल?"

"बिलकुल."

बाईंचा जीव भांड्यात पडला. कल्याणनं मग पुढचं सांगितलं. रोमिंग इथूनच चालू करून जायचं, तिकडं गेल्यावर खटपट करत बसायची नाही. या सिमचं इंटरनेट मात्र तिकडं बंद ठेवायचं, नाहीतर बॅलन्स एका दिवसात चाटून पुसून जातो. कोलंबोला उतरल्यावर तिथलं टुरिस्ट सिम घ्यायचं, पण नुसतं इंटरनेटवालं घ्यायचं नाही. भारतात बोलायची मिनिटं आहेत का ते विचारून घ्यायचं. भावनाशी व्हॉट्सअॅपवर बोलता येईल, पण कधी नेट गेलं तर साधा फोन लागला पाहिजे. "तुमच्या फोनात दोन सिमची जागा हाये. पहिल्यात आपलं, दुसऱ्यात त्यांचं. आन् घड्याळ बदलायचं काम न्हाई, त्यांचा-आपला टाइम एकच हाये." बाईंनी हे सगळं अंगणवाडीच्या जुन्या वहीच्या पानावर लिहून घेतलं आणि त्याच्याकडून पुन्हा तपासून घेतलं. इतका विचार करून सिमकार्ड घेणारं गिऱ्हाईक त्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी सासूला समजावलं. रोज सकाळी वंदना झाली की पाच दाबायचं. फोन वाजेल, मी कापीन. कापला म्हणजे मी बरी आहे आणि तुम्ही बऱ्या आहात हे मला कळलं. बोलायचं संध्याकाळी, भावनाच्या फोनवर.

"मंग नवीन काय सांगून राह्यली? रोजचंच हाये," तुळजाबाई म्हणाल्या.

कोलंबोच्या विमानतळावर काउंटरवरच्या पोरीनं पासपोर्ट पाहिला, फोटो काढला आणि सिम देऊ केलं. राजानंद सरांना इंग्रजी येत होतं, पण बाईंचे प्रश्न इतके नेमके होते की सर नुसते दुभाषी उरले. मिनिटं किती, ती भारताला चालतात का, आठ दिवस पुरतात का. गटातल्या बाकीच्यांनी घाई केली. भोकरदनकडचे पुंजाराम भाऊ म्हणाले, "मला सगळ्यात जास्त नेटवालं द्या," आणि आपलं भारतातलं सिम काढून कागदाच्या पुडीत गुंडाळून खिशात टाकलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्यांच्या सिमवर बोलायची मिनिटंच नाहीत आणि घरी मंडळींकडं बटनाचा फोन. मग रोज संध्याकाळी भाऊ बाईंसमोर येऊन उभे राहत. बाई फोन त्यांच्या हातात देत. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "सिम घ्यावं तर बाईंसारखं." बाईंना ते ऐकून बरं वाटलं, हे लपवायचं कारण नाही.

आणि सिमं चाललीही उत्तम. रोज सकाळी साडेसहाच्या पुढं पहिल्या सिमवर फोन वाजे. बाई कापत. दोनच घंट्या, पण समुद्रापलीकडच्या त्या परक्या खोलीत त्या ऐकल्या की वाटूरची ओसरी डोळ्यांपुढं उभी राही. संध्याकाळी दुसऱ्या सिमवरून भावना लागे आणि सासूबाई तिच्या फोनवर ओरडून बोलत, कारण लंका लांब आहे. अनुराधापूरचा बोधिवृक्ष कसा आहे, त्याला पानं किती मोठी, लोक पांढरे कपडे घालतात का, सगळं विचारत. "हात लावला का त्या झाडाला?" त्यांनी विचारलं. लावू देत नाहीत म्हटल्यावर त्या थोड्या नाराज झाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन दोनदा वाजला. बाईंनी दोन्ही वेळा कापला, पण मनात पाल चुकचुकली आणि त्यांनी लगेच भावनाला लावला. भावना हसत होती. "आजीचं बोट बटनावरच राहिलं गं. काही न्हाई, चहा पिऊन राह्यली." बाईंनी उगीच घाबरल्याबद्दल स्वतःलाच बोल लावला.

पाचव्या दिवशी त्यांचा गट मिहिंतलेला होता. डोंगरावर स्तूप आहे आणि तिथवर दगडी पायऱ्या, हजाराच्या वर. ऊन व्हायच्या आत चढायचं म्हणून सगळे पहाटेच निघाले होते. खाली चपला काढून, पांढरी साडी सावरत बाई चढत होत्या. गुडघे बोलत होते, पण मन हलकं होतं. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंनी चाफ्याची झाडं होती. त्या एक फूल उचलून पदराला बांधत होत्या, आत्याबाईंना हुंगायला न्यावं म्हणून, तेवढ्यात फोन वाजला. आत्याबाई. बाईंनी कापला. चार पायऱ्या चढल्या असतील, पुन्हा वाजला. बाई हसल्या. बोट राहिलं वाटतं आज पण. कापला. वर राजानंद सर सगळ्यांना एका सपाटीवर गोळा करत होते, सामूहिक वंदना होणार होती. बाई तिथं पोचून हात जोडतात न जोडतात तोच फोन तिसऱ्यांदा वाजला. आजूबाजूच्या दोघी-तिघींनी वळून पाहिलं. बाईंनी ओशाळून तो कापला आणि आवाज बंद करून पिशवीत टाकला. मग डोळे मिटले आणि सगळ्यांबरोबर स्वच्छ, सावकाश आवाजात त्रिशरण म्हटलं.

साडेदहाला खाली उतरल्यावर सरांनी त्यांना बाजूला बोलावलं. सरांचा फोन त्यांच्या हातात होता आणि ते तो दोन्ही हातांनी धरून उभे होते. "बाई, बसा जरा," ते म्हणाले. बाई बसल्या नाहीत. त्यांना कळलं होतं.

तुळजाबाई गेल्या होत्या. सकाळी सहाला भावना त्यांना उठवायला गेली, तेव्हा अर्धं तोंड वाकडं झालेलं आणि डावा हात लुळा पडलेला. तिनं शेजारच्या बद्रीनाथला गाडी काढायला सांगायला धाव घेतली. तो रानात होता, त्याला बोलावून आणेपर्यंत पाऊण तास गेला. गाडीत घालून जालन्याला निघाले आणि रामनगरच्या जवळ, ऊस घेऊन चाललेल्या ट्रॅक्टरांच्या मागं गाडी अडकलेली असताना, भावनाच्या मांडीवर आजीचा श्वास थांबला. भावनानं वाटेत आईला सात फोन केले. बाईंचा फोन पिशवीत मुका होता.

बाईंनी फोन काढला. दुसऱ्या सिमवर भावनाचे सात. पहिल्या सिमवर आत्याबाईंचे तीन. सहा वाजून बेचाळीस, सहा त्रेचाळीस, सहा सत्तेचाळीस. भावना बद्रीनाथला आणायला गेली होती, ती हीच वेळ. त्या वेळी म्हातारी घरात एकटी होती आणि तिचा उजवा हात चालत होता.

बाई तिथंच जमिनीवर बसल्या. सगळ्यांना वाटलं, सासू गेली म्हणून बसल्या. दोघीजणी पाणी घेऊन आल्या. पुंजाराम भाऊ टोपी हातात घेऊन उभे राहिले. बाईंनी फोन पालथा करून मांडीवर ठेवला आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

परतीचं तिकीट दोन दिवसांच्या आत मिळेना. गावानं संध्याकाळी पाचपर्यंत वाट पाहिली. मग भावनानं व्हिडिओ कॉल लावला. दुसऱ्या सिमनं चोख काम केलं. चित्र कुठं अडकलं नाही, आवाज तुटला नाही. आत्याबाईंचा चेहरा, कपाळावरची गोंदणाची हिरवी टिंबं, गळ्यापर्यंत ओढलेलं पांढरं लुगडं, सगळं स्वच्छ दिसत होतं. भावना रडत म्हणाली, "आई, म्हण ना तू. आजीच्या कानाशी धरते मी फोन." तिनं धरला. बाईंनी त्या रात्रीच्या मुक्कामी, कँडीच्या एका धर्मशाळेच्या व्हरांड्यात बसून त्या बंद कानात त्रिशरण म्हटलं. मागं बावीस माणसं हात जोडून उभी होती. पुष्कळांचे डोळे भरून आले. बाईंचे कोरडे होते. शब्द तोंडातून बराबर येत होते आणि प्रत्येक शब्दाला त्यांना वाटत होतं की आपण चोरी करून राह्यलो.

त्या घरी आल्या तेव्हा खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती. भावनानं आजीचा फोन कपाटात ठेवला होता. तो तिनं उघडून पाहिला नव्हता. बॅटरी संपून तो केव्हाच बंद पडला होता. बाईंनी सांगायचं तीन-चारदा मनात आणलं. पण भावना आधीच स्वतःला बोल लावत होती, आपण जरा लवकर उठलो असतो तर, बद्रीनाथऐवजी दुसरी गाडी पाहिली असती तर. तिच्यावर आणखी ओझं कुठं टाकावं. त्या तोंड मिटून राहिल्या. त्या दिवसांत फोन वाजला की, कुणाचाही असो, पहिल्याच घंटीला त्या तो उचलायच्या.

दहाव्या दिवशी पुण्यानुमोदन ठेवलं. दारात मांडव, मांडवात दोन प्रतिमा आणि तिसरा तुळजाबाईंचा फोटो. आपल्याकडं अशा वेळी माणसं उठून गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतात. बद्रीनाथ बोलला, की म्हातारीनं आमच्या रानात कापूस वेचला पण एक बोंड कधी ओटीत टाकलं नाही. अंगणवाडीतल्या जुन्या पोरांपैकी कुणी बोललं. मग जालन्याहून आलेले राजानंद सर उठले. सर बोलतात छान. त्यांनी तुळजाबाईंच्या दीक्षेपासून सुरुवात केली आणि शेवटाला ते सुनेच्या वचनावर आले.

"सासूची अंतिम इच्छा काय होती? सुनेच्या तोंडून त्रिशरण. सून हजारो मैल दूर, समुद्रापलीकडे, धम्माच्या भूमीत. पण बाईंनी जाण्याआधीच सगळा विचार केला होता. दोन सिमकार्डं, रोमिंग, सगळी तयारी. म्हणून शेवटच्या निरोपाला त्यांचा आवाज वाटूरला सासूच्या कानापर्यंत पोचला. वचन पाळावं तर असं."

मांडवात बायांनी माना डोलावल्या. मागून कुणीतरी 'साधू साधू' म्हटलं. आणि बेबीनंदाबाई उठून उभ्या राहिल्या. घरच्या बाईनं अशा वेळी उठून बोलायची पद्धत नाही. लोकांना वाटलं, चक्कर आली. भावना धरायला पुढं झाली, तिचा हात त्यांनी बाजूला केला.

"सर म्हणले ते खरं न्हाई," बाई म्हणाल्या. चौतीस वर्षं पोरांना गोष्टी सांगितलेला तो आवाज होता, शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेला. "मी म्हणलं ते मेल्यावर म्हणलं. त्यांचा फोन त्याच्या आधी आल्ता. सकाळी. त्या जित्त्या होत्या तवा. तीन बार आल्ता. मी तीन बार कापला."

सर उभेच होते, ते खाली बसले.

"आमची रीत होती ती. वाजला की कापायचा. मला वाटलं, बोट राह्यलं बटनावर. उचलला की मिनिटाला पैसे लागतात, हे पण डोक्यात व्हतं. खोटं कशाला बोलू. तिकडं मी वंदना म्हणून राह्यले व्हते, चांगली मोठ्यानं. आन् त्यांचा फोन पिशवीत टाकला. माझं कौतुक करू नका."

"बाई, तुम्हाला काय ठाऊक होतं," बद्रीनाथ म्हणाला. "ठाऊक असतं तर कापला असता का तुम्ही?" दोन-तीन बाया तेच म्हणू लागल्या. चांगल्या माणसांची गर्दी होती आणि सगळ्यांना एकदम काहीतरी चांगलं बोलायचं होतं. बाई उभ्याच होत्या. त्यांना ते ऐकू येत नव्हतं असं नाही, पण त्यातलं काही लागू पडत नव्हतं.

भावना रडत होती. तिला हे आत्ताच कळत होतं. तिनं आईचा दंड धरला आणि घाईघाईनं, जणू मोठा दिलासा हाती लागला आहे अशी, सांगू लागली, "आई, ऐक माझं. आजीची वाचा गेल्ती. मी सकाळी बोलवलं तवाच गेल्ती. तोंडातून एक शब्द निघत नव्हता तिच्या, नुसता श्वास. तू उचलला असता ना, तरी तुला काहीच ऐकू आलं नसतं. तिला काही बोलताच आलं नसतं गं."

बाईंनी लेकीकडं पाहिलं.

"तिला ऐकू येत व्हतं का?"

दिलासा द्यायला निघालेल्या माणसाला हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. पण या घरात खोटं बोलायची सवय कुणालाच नव्हती, आणि तिला ती आत्ता लावून घेता येईना.

"येत व्हतं," ती म्हणाली. "गाडीत मी म्हणलं, आजी, हात दाब, तर दाबला तिनं."

"मंग मला बोलता येत व्हतं," बेबीनंदाबाई म्हणाल्या. "त्रिशरणाला एक मिनिट लागतं, भावना."